मनाच्या तळाशी पंखा

मुलांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुमच्या कपाळाला एक पट्टी बांधली आहे. तुम्ही मनात 'दिवा' म्हणता आणि दिवा लागतो. जागचं उठायला नको, बोट हलवायला नको. आहे की नाही मजा? आता उघडा डोळे, नाहीतर पुढचं वाचणार कसं?

अशी पट्टी खारूच्या बाबांनी बनवली होती. ही नऊ वर्षांची पोर एका जागी टिकत नसे, म्हणून घरात तिचं नाव खारू पडलं. पट्टीही तिच्यासारखीच लहरी. कधी चालायची, कधी रुसून बसायची. आज बाबांच्या कारखान्याचे मोठे साहेब ती बघायला घरी येणार होते. पट्टी चालली नाही तर बाबांची नोकरी गेलीच म्हणून समजा. सकाळपासून बाबा कपाळाला आठ्या घालून दिव्याकडे टक लावून बसले होते. दिवा ढिम्म.

"अहो, इतक्या वर्षांत माझ्या मनातलं तुम्हाला कळलं नाही, ते त्या चिंधीला काय कळणार?" आई म्हणाली. आईही त्याच कारखान्यात खोकी भरायची.

शेवटी बाबांनी खारूला पडद्यामागे, बटणांच्या शेजारी उभं केलं. "फक्त आजचा दिवस, बाळा. साहेब जे म्हणतील ते लावायचं. आणि शिंकायचं नाही!"

साहेब आले. ऐसपैस बसले. पट्टी बांधून गरजले, "दिवा!"

दिवा लागला.

"बघितलंत? माझं मनच तसं खंबीर आहे," साहेब म्हणाले. "आता तोंडातून शब्द काढत नाही. नुसता विचार करतो."

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. खारूने फटीतून पाहिलं. साहेब रुमालाने मान पुसत होते. तिने पंखा लावला.

"अहो, मी तर रेडिओचा विचार करत होतो!"

बाबा घाईघाईने म्हणाले, "साहेब, ही वरवरचं वाचत नाही. तुमच्या मनाच्या तळाशी पंखाच होता."

साहेबांनी वर पंख्याकडे पाहिलं. "खरंच की! उकडत होतं मला. माझं मलाच ठाऊक नव्हतं!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "उद्यापासून कारखान्यात प्रत्येकाच्या डोक्याला पट्टी. हात खोक्यावर आणि मन भलतीकडे, असा जो सापडेल त्याला नारळ! आणि या खात्याचे प्रमुख तुम्ही."

बाबा हसले. मग त्यांची नजर आईकडे गेली आणि हसू अर्ध्यावरच राहिलं.

चहाचा कप ठेवता ठेवता आई थबकली होती. "शाळा सुटायची वेळ झाली की माझं मन खारूकडे धावतं," ती हळूच म्हणाली. "म्हणजे पहिला नारळ मलाच."

"त्याला इलाज नाही, बाई," साहेब म्हणाले. "पट्टी कधी खोटं बोलत नाही."

पडद्यामागे खारूचं बोट बटणावरच होतं. इतका वेळ तिला गंमत वाटत होती. आता ते बोट जड झालं. तिने फटीतून बाबांकडे पाहिलं. बाबा खाली मान घालून बसले होते.

खट्! पंखा थांबला.

पडदा सारून खारू बाहेर आली, खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि तिने दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"साहेबकाका, आता करा विचार," ती म्हणाली. "मी इथे उभी आहे. बघू, पंखा लागतो का."