दहाव्या घराचा नकाशा

आमचे हे तसे साधे, पण एकदा डोक्यात काही घेतलं की ब्रह्मदेव खाली उतरला तरी ऐकायचे नाहीत. नव्या भाड्याच्या घरात येऊन आम्हाला चार महिने झाले होते आणि सामानाची सव्वीस खोकी अजून बाहेरच्या खोलीत एकावर एक उभी होती. मी दोन पातेली आणि चार कपांवर संसार रेटत होते. खोक्याला कात्री लावायला गेले की हे आडवे यायचे. आधी सामानाचा विमा, मग खोकी. विमा झाल्याशिवाय एक चमचासुद्धा बाहेर निघणार नाही म्हणाले.

आता यांना एकट्याला दोष देऊन चालायचं नाही. आधीच्या घरात, म्हणजे आमच्या नवव्या घरात, आम्ही दोन दिवस लेकीकडे गेलो आणि वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला. परत आलो तर पलंगावर छतातून धार लागलेली. घरमालक भला माणूस. त्याने त्याच्या विम्यातून छत, भिंती, रंग, सगळं चकाचक करून घेतलं. आम्ही आपले बावळटासारखे समजत होतो की त्याच्या विम्यात आम्हीही आलो. तेव्हा कळलं, भिंती मालकाच्या, सामान आपलं. गाद्या गेल्या, कपाट फुगलं, माझी शिलाईची मशीन गंजली.

ते सगळं एकवेळ परवडलं. पण पलंगाखाली पुठ्ठ्याची एक नळकांडी होती, तिचाही लगदा झाला. हे जन्मभर भूमापन कचेरीत नकाशे काढायचे. आम्ही जन्माचे भाडेकरू, आणि प्रत्येक नव्या घरात पहिल्या रविवारी हे त्या घराचा नकाशा काढायचे, अगदी मापात. कपाट कुठे, टेबल कुठे, पाण्याचं पिंप कुठे. आणि मी जिथे बसते तिथे एक छोटा गोल. त्याच्यापुढे नाव नाही, काही नाही. नऊ घरांचे नऊ नकाशे त्या नळकांडीत होते. यांनी तो लगदा हाताने गोळा करून बादलीत टाकला आणि त्या दिवसापासून पेन्सिल हातात धरली नाही. बोलणं कमी झालं. जेवताना मध्येच मान वर करून छताकडे बघायचे. मला गाद्यांचं दुःख नव्हतं हो. मला माझा माणूस परत हवा होता.

आणि हा माणूस रोज संध्याकाळी विमा कंपन्यांचा तक्ता घेऊन बसायचा. अकरा कंपन्या. वर्षाचा हप्ता किती. नुकसान झालं तर पहिला किती भार आपण सोसायचा. बारा वर्षांच्या कपाटाला जुन्या कपाटाचा भाव देणार की नवं कपाट घेता येईल एवढे पैसे देणार. किराण्याची यादीसुद्धा पट्टीने रेघा मारून करणारा माणूस, आणि हा तक्ता बॉलपेनने, वाकडातिकडा.  एकदा मी गमतीने विचारलं, त्रेचाळीस वर्षांच्या जुन्या बायकोला हे लोक काय भाव देतील? पूर्वी याचं उत्तर तयार असतं. यांनी नुसता चष्मा पुसला.

रात्री स्वस्त कंपनी ठरायची. सकाळी चहा पिताना शंका यायची, हप्ता कमी आहे, पण वेळ आली तर हे लोक तोंड दाखवतील का? मग महागातली बघायचे आणि म्हणायचे, पेन्शनला झेपणार नाही. चार महिने घोडं तिथेच अडलेलं.

मी इस्पितळाच्या टेलिफोनवर एकतीस वर्षं बसले आहे. दिवसाला चारशे फोन. फोन उचलून माणूस पहिलं काय विचारतो, तेवढ्यावरून तो कामाचा की बिनकामाचा हे मला कळतं. यांच्या तक्त्यात सगळे रकाने होते, तेवढा नव्हता. तेव्हा एका दुपारी हे चष्म्याची काडी बसवायला बाहेर पडले आणि मी तक्ता उचलला.

विकायचा नंबर मी लावलाच नाही. तो घंटी पुरती वाजायच्या आत उचलतात आणि साखर पेरतात. त्याच्या खाली बारीक अक्षरात दुसरा नंबर असतो, नुकसान झालेल्यांसाठी. तो लावायचा आणि सांगायचं, माझ्या घरात पाणी शिरलंय.

सगळ्यात स्वस्त कंपनीने मला अकरा मिनिटं बाजा ऐकवला. दुसरीकडे यंत्र बोलत होतं, एक दाबा, चार दाबा, पुन्हा एक दाबा. तिसऱ्याने उचलल्या उचलल्या पॉलिसीचा नंबर मागितला, नाही म्हटल्यावर फोन ठेवला. चौथा गृहस्थ काहीतरी चावत बोलत होता. सगळ्यात महाग कंपनीतल्या मुलीने मला तीन वेळा सांगितलं की माझा फोन त्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे. महत्त्वाचा होता तर जरा ऐकायचा होतास की, बाई. अशा आठ झाल्या. मी प्रत्येकीपुढे फुली मारत गेले.

नवव्या ठिकाणी एका बाईने उचलला. मी माझं पालुपद म्हटलं. ती म्हणाली,

"तुम्ही आत्ता कोरड्या जागी आहात ना? घरात आणखी कोण आहे?"

झालं. एकतीस वर्षं लोकांची रडारड ऐकून कोरडी राहिलेली मी, मीच डोळ्याला पदर लावला. पाणी आलं त्या दिवशी आम्हाला हे कुणीच विचारलं नव्हतं. "माझे मिस्टर," एवढंच कसंबसं म्हणाले. फोन ठेवून दिला.

दाराला किल्ली लागली, हे आत आले, आणि फोन वाजला. तोच नंबर. मी काही हात लावेना म्हणून यांनी उचलला. ती बिचारी घाबरली होती. पाणी किती चढलंय, त्या बाईंच्या मिस्टरांना काय झालंय, विचारत होती. हे एका हातात फोन, दुसऱ्या हातात बादली घेऊन छताकडे बघत उभे. शेवटी म्हणाले, मिस्टर मीच आहे, आणि मी आत्ताच चष्मा घेऊन आलोय.

मग काय, मला सगळं ओकावं लागलं. खोटं बोललीस, म्हणाले. मी म्हटलं, पाणी आलं होतं ते तर खरं ना? तारीख तेवढी सांगायची राहिली. आता भाषण सुरू होणार म्हणून मी कंबर कसून बसले. पण हे खुर्चीवर टेकले आणि हळूच म्हणाले, तिने पहिलं काय विचारलं म्हणालीस? मी सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं.

ती कंपनी तक्त्यात काही सगळ्यात स्वस्त नव्हती, पण जुन्या सामानाला नव्याचे पैसे देणारी होती. हप्ता खाली आणायला आम्ही नुकसानीचा पहिला भार थोडा जास्त आपल्याकडे घेतला. दागिन्यांचं कलम काढून टाकलं, माझ्या दोन बांगड्या हातातून उतरत नाहीत त्यांचा कसला विमा. हप्ता पेन्शनमध्ये बसला. मी त्या बाईंना फोन करून माफी मागितली. त्या हसल्या. म्हणाल्या, नुकसान झाल्यावर सगळेच फोन करतात, आधी करणाऱ्या तुम्ही पहिल्याच. फक्त सामानाची यादी पाठवा, खोलीवार, अंदाजे किमतीसकट.

आता घ्या. यादी करायची तर खोकी उघडायला हवीत, आणि विम्याशिवाय खोकी उघडायची नाहीत. मी कपाळाला हात लावला. मग सुचलं, आमच्या दुसऱ्या घरात काड्यापेटी कुठल्या कोनाड्यात होती हे या माणसाला अजून आठवतं. याला खोकी उघडून बघायची गरजच काय? मी म्हटलं, यादी कशाला, तुम्ही नकाशाच काढा. यांनी मान हलवली. नाही. माझ्याच्याने आता होत नाही.

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

"अहो, नऊ नकाशे गेले. ती नऊ घरं आपण आधीच सोडली होती. हे दहावं घर आहे, आणि इथे मी चार महिने खोक्यावर बसून जेवतेय. मी अजून आहे ना? मग काढा."

हे चपला घालून निघून गेले. मी तासभर खिडकीत उभी. जरा जास्तच बोलले, वाटायला लागलं. मग कोपऱ्यावरून येताना दिसले, काखेत कागदाची गुंडाळी आणि शर्टाच्या खिशात दोन नव्या पेन्सिली. आल्या आल्या म्हणाले, टेपचं ते टोक धर. मी धरलं. मला रडू येत होतं, पण टोक सोडलं नाही.

तीन दिवस काम चाललं. खोक्यांचा त्या नकाशात पत्ताच नव्हता. सामान लागल्यावर घर जसं दिसायला हवं तसं काढलेलं, प्रत्येक वस्तूवर आकडा, बाजूला किंमत. त्याचा फोटो काढून पाठवला. मला म्हणाले, विम्याचे कागद आल्याशिवाय बघायचं नाही. मी नाही बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाईंचा फोन आला, यांनी स्पीकरवर घेतला. एकतीस वर्षांत मी कुणाचं बोलणं चोरून ऐकलं नाही, नोकरीतला पहिला नियम तो. त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून ऐकलं. त्या म्हणत होत्या, चौसष्ट वस्तू बरोबर आहेत, पण बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी एक छोटा गोल आहे. त्याच्यावर आकडा नाही आणि किंमतही नाही.

यांनी फोन जरा जवळ ओढला.

"तिथे आमची ही बसते," म्हणाले. "ती जुन्या भावात येत नाही आणि नवी मिळत नाही. तुमच्या यादीत धरू नका. नकाशात राहू द्या."

 पलीकडून त्या बाई हळूच म्हणाल्या, राहू देते.

गुरुवारी कागद आले. यांनी स्वतः कात्री घेतली, पण खोक्यांकडे गेलेच नाहीत. खोक्यांच्या मागे चादरीत बांधून ठेवलेली माझी वेताची खुर्ची ओढून काढली, पुसली, खिडकीपाशी ठेवली. नकाशा बघितला, टेप लावला आणि खुर्ची दोन बोटं डावीकडे सरकवली.

"बसा ऑपरेटरबाई," म्हणाले.

मी बसले.