दगडूसरांची पितळी शिट्टी

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. देवाचं नाव घेऊन एका भल्या माणसाची गोष्ट सांगते. तिच्यात थोडी माझीही आहे.

मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. माझ्या पोटात बुचाचा मणी आहे, तो नाचला की मला कंठ फुटतो. माझा जन्म दूर सर्बियातला, बेलग्रेड शहरातला. द्रागिशा नावाच्या तरुणाने मला विकत घेतलं. तो शाळेतल्या पोरांना बास्केटबॉल शिकवायचा. पुढे तो मोठ्या क्लबांचा प्रशिक्षक झाला. एका वर्षी त्याचा संघ पहिला आला, तेव्हा लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन मिरवलं. पुढच्या वर्षी संघ ओळीने पाच सामने हरला आणि त्याच लोकांनी त्याला घरी बसवलं. असे तीन क्लब झाले. मग त्या मुलखात लढाई पेटली आणि क्लबांचे पगारच थांबले.

१९९४ साली वाशिंदच्या एका कारखान्याने आपल्या संघासाठी त्याला बोलावलं. दोन वर्षांनी कारखान्याने संघच बंद केला. साहेब म्हणाले, "किन्हवलीच्या शाळेत मुलींचा संघ आहे, त्याचा खर्च आपला कारखाना करतो. तो जिल्ह्यात पहिला आणा, म्हणजे तुम्हाला ठेवून घेऊ. नाहीतर परतीचं तिकीट." मायदेशी त्याची वाट बघणारा एकही क्लब उरला नव्हता.

किन्हवलीला शाळेतल्या गोजर गुरुजींनी सागाच्या दोन खांबांना लोखंडी रिंगा ठोकून मैदान केलं होतं. मुलींना द्रागिशा म्हणता येईना, म्हणून त्यांनी दगडूसर केलं. त्याला ते आवडलं.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. मी एकदा वाजले की पळायचं, दोनदा वाजले की थांबायचं, असा सरांचा नेम. पण मी एकदा वाजले तर मुली जागच्या जागी उभ्या. दोनदा वाजले तर सुसाट. सर घामाघूम झाले. शेवटी सगळ्यांत उंच होती ती भिमी पुढे आली.

"सर, तुमचंच उलटं हाय. यष्टीत कंडक्टर एक घंटी देतो तवा थांबते, दोन देतो तवा निघते. आमी रोज यष्टीनंच येतो ना."

"खरं?" सरांनी गुरुजींना विचारलं.

"खरंच. आख्ख्या तालुक्याला तेच माहीत," गुरुजी म्हणाले.

सर मोठ्याने हसले. त्या दिवसापासून एकदा म्हणजे थांब, दोनदा म्हणजे चल. वीस वर्षांची सवय त्यांनी मुलींसाठी मोडली.

पण मित्रांनो, सामन्यात शिट्टी फक्त पंचांची. प्रशिक्षकाने वाजवली तर त्याच्याच संघाला दंड. शहापूरच्या संघाशी सरावाचा सामना झाला, तेव्हा मी सरांच्या खिशात होते आणि मुली नुसत्या भांबावून गेल्या.

त्याच आठवड्यात मारुतीच्या देवळात सप्ताह बसला होता. गुरुजी टाळकरी. ते सरांना कीर्तनाला घेऊन गेले. बुवा रंगात आले होते, पंधरा जोड टाळ झणझणत होते. बुवांनी नुसता हात वर केला आणि सगळे टाळ एका क्षणी गप्प. हात खाली आला, पुन्हा गजर. ती शांतता अजून माझ्या पोटातल्या मण्याला आठवते.

"यांना कोण सांगतं?" सरांनी हळूच विचारलं.

"सांगायचं कशाला? टाळकऱ्याचं ध्यान बुवांच्या हातावर."

दुसऱ्या दिवशी सरांनी मला खिशात ठेवलं आणि हात वर केला. भिमी म्हणाली, "आता बुक्का लावा सर, म्हंजे बुवाच झालात." पण थांबल्या सगळ्या. मी मात्र खिशात पडून काळवंडू लागले. वाईट वाटलं, खोटं का बोलू?

ठाण्याला जिल्हा स्पर्धेचा शेवटचा सामना झाला. आमचा संघ एका गुणाने मागे, काही सेकंद उरलेले. जुन्या सवयीने सरांनी मला ओठांत धरलं. सामन्यात एकदा तरी वाजावं, ही माझी जन्मभराची इच्छा. पण भिमी सरांकडे बघत होती. त्यांनी मला सोडलं आणि हात वर केला. पाचही मुली थबकल्या. अंगावर धावून आलेल्या समोरच्या संघाच्या मुली दोन पावलं पुढे निघून गेल्या. हात खाली आला. भिमीने चेंडू टाकला. तो रिंगेवर फिरला, फिरला आणि बाहेर पडला.

"सर, माझ्यामुळं तुमची नोकरी गेली," भिमी रडत म्हणाली.

"टाळ चुकला नाय भिमी," सर म्हणाले. "चेंडू चुकला. चेंडू चुकतो."

आठ दिवसांनी सर निघाले. एसटीच्या खिडकीतून त्यांनी मला भिमीच्या हातात दिलं. कंडक्टरने दोनदा घंटी दिली, गाडी हलली. भिमी मागे धावली आणि तिने मला एकदाच, जीव खाऊन फुंकलं. गाडी करकचून थांबली.

"कुनी वाजवली गो?" कंडक्टर ओरडला.

सरांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. भिमी खिडकीखाली येऊन उभी राहिली. गाडी तशीच उभी, माणसं खोळंबलेली. शेवटी तिनेच मला उचललं आणि दोनदा वाजवलं.

२००५ पासून भिमी मुरबाडच्या एका शाळेत खेळाच्या बाई आहेत. दर शनिवारी त्या मला चिंचेने घासतात. मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूलाही असंच जपा. आणि मैदानावर कुणी मुकाट्याने हात वर केलेला दिसला, तर माझ्या दगडूसरांची आठवण काढा.