सबवेत अडकलेली बस

वाहतूक पोलीस उज्वला जाधव शिरवण्याजवळच्या सबवेत मांडीभर पाण्यात उभी होती. पुढ्यात शाळेची बस बंद पडलेली. शेजारून घुसणाऱ्या प्रत्येक मोठ्या गाडीची लाट बसच्या दारातून आत शिरत होती आणि मुलं रडत होती. तेवढ्यात मागून एक ट्रेलर आला. उज्वला हात पसरून त्याच्या आडवी उभी राहिली.

"बाजूला व्हा मॅडम, आपली गाडी उंच हाय!" ड्रायव्हर नामदेव ओरडला.

"तुमची निघेल हो दादा, पण तुमच्या लाटेनं बसमधल्या पोरांचं काय होईल?"

नामदेवनं वाकून बसकडे पाहिलं.

"मग ओढूनच काढू की," म्हणत तो साखळी घेऊन पाण्यात उतरला.

उज्वलानं मागच्या गाड्या एकेक करून माघारी वळवल्या. ट्रेलर हळूहळू मागे सरकला, तशी बसही पाण्याबाहेर आली. बसमधल्या शाळेच्या बाईंनी मुलं मोजली. सगळी सुखरूप होती.

आता कुठे उज्वला पाण्याबाहेर आली. ती दुभाजकावरच बसली. नामदेवनं थर्मासमधला चहा पुढे केला.

"मगाशी आवाज चढवला, राग नका धरू."

"चढवा की खुशाल," ती हसत म्हणाली आणि तिनं चहाचा मोठा घोट घेतला.