राणी रंगाचं कुंकू

लातुरात गंजगोलाईच्या मागं चंद्रप्पांचा कॉम्प्युटर क्लास जोरात होता, तेव्हा चपला बाहेर काढल्याशिवाय आत पाऊल टाकायची सोय नव्हती. मशीनला धूळ चालत नाही म्हणे! आता त्या खोलीत धुळीशिवाय कुणी फिरकत नाही. बायको कमलम्मा जाऊन दोन वर्षं झाली. पुण्याची लेक मंजुश्री फोनवर एकच घोशा लावून बसली होती, की अप्पा, ते भंगार काढा आणि इकडं या. शेवटी त्यांनी मान डोलावली आणि भंगारवाल्या मारोतीला संध्याकाळी गाडा घेऊन यायला सांगितलं. मशीन जायच्या आत त्यांना एकच काम उरकायचं होतं. कमलम्माच्या रांगोळीतलं कुंकू लाल करायचं होतं.

त्याचं झालं असं. पहिलं मशीन आलं ते नुसत्या हिरव्या अक्षरांचं. चित्राचं नाव नको. मग रंगीत कार्ड आलं, सीजीए. रंगीत कसलं कर्माचं! पडद्यावर चारच रंग, त्यातला एक काळा. तरी चंद्रप्पांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी बायकोला शेजारी बसवलं. ती उदगीरची, ठिपक्यांच्या रांगोळीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. हा पडदाही ठिपक्यांचाच, हे तिनं चटकन ओळखलं. ती ठिपका सांगायची, चंद्रप्पा त्याचे आकडे मशीनमध्ये टाकायचे. रांगोळी उमटली, मधोमध करंडा आला, आणि करंड्यात कुंकू निघालं राणी रंगाचं.

“इल्ला,” ती म्हणाली. नाही म्हणायची वेळ आली की तिला माहेरची कानडीच सुचायची. “राणी रंगाचं कुंकू लावतंय का कुणी?”

आता करणार काय? त्या कार्डात लाल होता, पण लाल घ्यावा तर पांढरा जायचा, आणि पांढऱ्यावाचून रांगोळी कसली? मग सोळा रंगांचं ईजीए आलं. त्यात दोन लाल. एक विटेसारखा, दुसरा टरबुजासारखा. इल्ला. मग व्हीजीए आलं, आणि त्यात लाखो रंगांतून हवे ते उचलता यायचे. पण तोवर क्लासला पोरांची रीघ लागलेली. थांब गं, सवडीनं बघू, असं म्हणत राहिले. रंग वाढत गेले आणि सवड आटत गेली. तिनं विचारणं कधी सोडलं, हे त्यांच्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

तर त्या दुपारी जुनी फ्लॉपी खरखरत का होईना, चालली. रांगोळी जशीच्या तशी उमटली आणि चंद्रप्पांना भडभडून आलं. त्यांनी प्रोग्राममध्ये दोन ओळी वाढवल्या. आता बटण दाबलं की करंड्यातला लाल बदलायचा. लाल तरी किती निघाले! फोन धरून त्यांनी लेकीला पडदा दाखवला. ती म्हणाली, सगळे लालच आहेत की अप्पा, कुठलाही घ्या. तिचं काय चुकलं? जिला कळायचं, ती नव्हती.

फोन ठेवून त्यांनी बटण दाबलं आणि सहज विचारलं, हा का गं? आणि स्वतःच, तिच्यासारखं मान वेळावून म्हणाले, इल्ला. खोलीत दुसरं माणूस असल्यागत वाटलं. मग पुन्हा बटण, पुन्हा विचारणं. किती दिवसांनी घरात कुणीतरी त्यांना नाही म्हणत होतं.

ऊन उतरलं तसा मारोती दारात आला. चपला काढून पडद्याकडं बघत उभा राहिला.

“हे झाक हाय अप्पा. अस्सल कुंकू.”

होतंच. चंद्रप्पांनी ते त्याच्या आधी ओळखलं होतं. त्यात खोट काढायला जागा नव्हती.

“इल्ला,” ते म्हणाले, आणि पुढचं बटण दाबलं. “उद्या ये रे मारोती. अजून तिच्या मनासारखं झालं न्हाई.”