कोपऱ्यातला कोबा

चौसाळ्यात हायवेला लागून सुंदररावांनी दुमजली इमारत बांधली. खाली ठिबकच्या पाइपांचं आणि मोटारींचं दुकान, वर घर. फरशीचा विषय निघाला तेव्हा बायको छबुबाईनं संगमरवराचा हट्ट धरला होता. पण सुंदररावांनी संभाजीनगरला गाड्यांच्या शोरूममध्ये एक जमीन पाहिली होती. फरशी नाही, टाइल नाही, साधं काँक्रीटच. घासून घासून असं चकचकीत केलेलं की वरचे दिवे खाली दिसावेत. दुकानात मोटार आदळली की टाइल फुटते, काँक्रीटला काही होत नाही, असं त्यांना तिथल्या माणसानं सांगितलं. त्यांनी वर-खाली दोन्हीकडे तेच करायचं ठरवलं.

"कोबाच की हा," छबुबाई म्हणाली. "माझ्या सासूच्या काळात होता तसला."

"घासल्यावर बघ," सुंदरराव म्हणाले.

ज्या दिवशी खालचं काँक्रीट ओतलं, त्या दिवशी सुंदररावांना बीडला एका लग्नाला जावं लागलं. कामावर त्यांचा धाकटा भाऊ हनुमान थांबला. हनुमान बिनलग्नाचा, अंगानं दणकट, बोलायला कमी आणि चिडायला लवकर. दुपारी मागच्या प्लॉटचा मालक शहादेव तिथं आला. तुमची मागची भिंत माझ्या जागेत आली, असं त्याचं पहिल्यापासून म्हणणं होतं. बोलता बोलता हनुमाननं त्याची कॉलर धरली. मजुरांनी दोघांना सोडवलं. शहादेव शिव्या देत निघून गेला, असं मजूर सांगत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहादेवची बायको कडूबाई दारात आली.

"आमचे हे कालपासून घरी आले न्हाईत," ती म्हणाली. "हिकडं आलते ना?"

"आलते. गेले," हनुमान म्हणाला आणि ओल्या काँक्रीटवर पाणी मारत राहिला.

शहादेव त्या दिवशीही आला नाही, त्या आठवड्यातही नाही. त्याचा मोबाइल बंद होता. कडूबाईनं चौकीत तक्रार दिली. पोलीस येऊन हनुमानला विचारून गेले. मजुरांनाही त्यांनी विचारलं. कुणाच्या बोलण्यात फरक नव्हता, त्यामुळे ते परत आले नाहीत.

महिनाभरानं काँक्रीट पक्कं झालं आणि घासायचं काम घेतलेला संजय बीडहून मशीन घेऊन आला. खाली हिऱ्याच्या चकत्या लावलेलं ते जड मशीन फिरू लागलं की राखाडी पाण्याचा चिखल व्हायचा. वरचा थर निघून खालची खडी दिसू लागली, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची. मग त्यावर कसलंसं औषध ओतून संजय पुन्हा बारीक चकतीनं घासायचा. दोन-तीन दिवसांत दारापासून चमक धरत आली.

मागच्या भिंतीजवळच्या कोपऱ्यात आल्यावर त्यानं मशीन बंद केलं.

"आण्णा, जरा इकडं या," त्यानं सुंदररावांना हाक मारली. "इथला माल वेगळा हाय."

सुंदररावांनी वाकून पाहिलं. सगळीकडे राखाडी जमीन होती आणि तेवढाच तुकडा काळसर. खडीही वेगळी, मोठी. माणूस आडवा झोपला तर मावेल एवढा तो तुकडा होता. हे त्यांच्या मनात आपोआप आलं, आणि संजयच्याही आलं असावं, कारण तो त्यांच्याकडे न बघता मशीनची वायर गुंडाळू लागला.

संध्याकाळी जेवताना सुंदररावांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मागच्या कोपऱ्यात वेगळा माल कसा काय पडला?"

"मिक्सरच्या गाडीतला सरला," हनुमान म्हणाला. "मजूर गेलते. मीच हातानं कालवून टाकला."

"एकट्यानं?"

"मग काय."

सुंदररावांनी पुढं विचारलं नाही. पण त्या रात्रीपासून त्यांना नीट झोप लागेना. मजूर गेले होते. शहादेव चिडलेला होता, तो परत आला नसेल कशावरून? हनुमानचा राग त्यांना माहीत होता. पोळ्याच्या मिरवणुकीत त्यानं एकाचं डोकं फोडलं होतं, ते प्रकरण सुंदररावांनीच हातापाया पडून मिटवलं होतं.

संजयनं काम कसंबसं पुरं केलं. कोपऱ्यात तो एकदाच मशीन फिरवून निघून गेला. त्यानं बाहेर काही सांगितलं की मजुरांनी, कुणास ठाऊक, पण गावात कुजबुज सुरू झाली. सुंदरराव चहाच्या टपरीवर गेले की बाकड्यावरचं बोलणं थांबायचं. दुकान उघडलं तेव्हा पहिल्याच दिवशी लोक आले, पण पाइप बघायच्या आधी खाली बघायचे. कुणी म्हणायचं, "लई भारी चमकायली की." म्हणताना नजर मागच्या कोपऱ्यात. एकदा उंबऱ्यावर लिंबू पडलेलं सापडलं. सुंदररावांनी ते काठीनं गटारात ढकललं आणि कुणाला सांगितलं नाही.

त्यांनी भावावर नजर ठेवायला सुरुवात केली. हनुमान कोपऱ्यात जातो का, जात नाही का. जात नसे. मग वाटायचं, मुद्दामच जात नाही. एके दिवशी गेला, पाइपांची चळत तिथं रचून आला, तर वाटलं, झाकायला रचली. ओतकामाच्या दिवशी त्यानं निळा शर्ट घातला होता हे सुंदररावांना आठवत होतं. तो शर्ट दोरीवर दिसेना, कपाटात दिसेना.

"हनुमानचा निळा शर्ट कुठं हाय?" त्यांनी छबुबाईला विचारलं.

"सिमेंटनं पार कडक झालता. फेकला म्हणत होते भावजी." मग तिनं नवऱ्याकडे नीट पाहिलं. "कावून?"

"काही न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी ते खाली आले, तर कोपऱ्यात उदबत्तीचा वास होता. पाइपांच्या मागं, त्या काळसर तुकड्यावर राखेची बारीक रेघ पडली होती. छबुबाई मागच्या दारातून आत येत होती. हातात काड्यापेटी.

"तू लावलीस?"

तिनं काड्यापेटी पदराखाली घेतली.

"मला काय ठावं, अवो," ती म्हणाली. "असलं कुणी तर, नसलं तर न्हाई. मी आपली लावते."

आजवर सुंदररावांना वाटत होतं की हा संशय गावाचा आहे आणि चोरून आपल्या मनात शिरलाय. घरातल्या बाईनं भावजीला जेवायला वाढता वाढता इथं उदबत्ती लावावी, म्हणजे आता उरलं काय?

कडूबाई त्याच आठवड्यात आली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. चपला बाहेर काढून ती सरळ मागच्या कोपऱ्यापर्यंत गेली आणि उकिडवी बसली. तिनं जमिनीवर तळवा फिरवला.

"गार हाय," ती म्हणाली. "एवढं गुळगुळीत कावून केलंव, भाऊ?"

"सगळीकडंच केलंय, वहिनी. वर घरात पण."

"मला एकदा बघू द्या. हितलं उकरून बघू द्या. नसले तर मी सोता गावात सांगन, नसले म्हणून."

"कुणी सांगितलं तुमाला, हितं म्हणून?"

"कुणी सांगायला पायजे का?" ती म्हणाली. "तुमी तरी मला छातीला हात लावून सांगा, न्हाईत म्हणून. तुमी सांगितलं तर मी जाते."

सुंदररावांनी हात छातीकडं नेला आणि अर्ध्यावरच खाली घेतला. त्यांनी मान वर केली, तर दारात हनुमान उभा दिसला. तो किती वेळ तिथं होता हे कळायला मार्ग नव्हता.

"फोडू," सुंदरराव शेवटी म्हणाले. "संजयकडनं ब्रेकर मागवतो. तुमच्या समाधानासाठी, वहिनी."

"कुणाच्या समाधानासाठी फोडायलाव, आण्णा?" हनुमान म्हणाला. "ह्यांच्या का तुमच्या?"

हनुमाननं उत्तराची थोडा वेळ वाट पाहिली, मग तो स्वतःच गाडी काढून ब्रेकर आणायला गेला.

ब्रेकर आला तेव्हा दुकानाबाहेर बरीच माणसं जमली होती. संजय मशीन हातात घ्यायला पुढं झाला, हनुमाननं त्याला बाजूला केलं. पाइप त्यानंच उचलून ठेवले. तोंडाला पंचा बांधून त्यानं ब्रेकर चालू केला. काँक्रीट लवकर फुटेना. धूळ उडून सगळ्या चकचकीत जमिनीवर बसत होती. कडूबाई पदर तोंडाशी धरून उभी होती आणि छबुबाई जिन्यात.

काँक्रीटखाली लोखंडी जाळी निघाली. जाळी कापली. त्याखाली दगडांची भर होती, ती त्यानं हातानं उपसली. मग मुरूम, मग काळी माती. ती घट्ट होती, कुदळ लागली तिथं पांढरी मुळं दिसत होती, कधी उकरलेलीच नव्हती. बाहेरचे लोक माना उंचावत होते. हनुमान थांबला नाही. खड्डा मांडीइतका खोल झाला तरी तो कुदळ मारत राहिला.

"अजून खाली बघायचं का, आण्णा?"

"बास, हनुमान."

"बघा की. उद्या परत वाटंल, जरा खाली असंल."

"बास करा ओ," कडूबाईच ओरडली आणि मटकन खाली बसली. रडता रडता ती जे बोलली ते तिनं ना पोलिसांना सांगितलं होतं ना शेजाऱ्यांना. त्या दिवशी इथलं भांडण करून शहादेव घरी गेला होता. जमिनीवरून सगळ्या गावाशी वैर करता म्हणून ती त्याला नाही नाही ते बोलली होती. परत तोंड दाखवू नका म्हणाली होती. तो अंगावरच्या कपड्यांनिशी निघाला, तेव्हा तिनं दार लावून घेतलं होतं. तो परत इथंच भांडायला आला असेल, असं मानणं तिला सोपं गेलं होतं.

हनुमाननं पंचा सोडला, बाहेरच्या नळावर हातपाय धुतले आणि मोटारसायकल घेऊन शेताकडे गेला. त्या दिवसापासून तो शेतातल्या पत्र्याच्या खोलीतच राहू लागला.

कडूबाईनं दिलेला शब्द पाळला. घरोघर जाऊन तिनं सांगितलं. पुढं कुणाच्या तरी सोयऱ्याकडून कळलं की शहादेव सांगलीकडं एका गुऱ्हाळावर काम करतोय. तिचा भाऊ जाऊन त्याला घेऊन आला. शहादेव वाळला होता. तो दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला.

"माझ्यामुळं तुमाला लई तरास झाला म्हणं," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याची नजर मागच्या भिंतीकडं गेली. "तरी पर भिंत हातभर हिकडंच हाय, सुंदरराव."

सुंदररावांच्या अंगाची लाही झाली. ज्या माणसापायी आपण सख्ख्या भावाला खुनी धरलं, तो हातभर जागेची गोष्ट करत जिवंत उभा होता. पण त्यांनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. मोजणी आणू म्हणाले. संजयनं खड्डा भरून तो तुकडा नव्यानं घासून दिला. तो आता बाकीच्यापेक्षा फिकट झाला. गिऱ्हाईक आता त्याच्यावर पाय देऊन मोटारी बघतं.

मग एका सकाळी सुंदरराव शेतावर गेले. हनुमान कपाशीत ठिबकच्या नळ्या पसरत होता. त्यानं भावाला पाहिलं आणि काम चालू ठेवलं.

"चुकलं माझं," सुंदरराव म्हणाले.

"पोलिसांनी इचारलं, मी सांगितलं," हनुमान नळीची गाठ सोडवत म्हणाला. "गावानं इचारलं न्हाई, त्याचं मला काय न्हाई. गाव हाय ते. तुमी माझ्या शेजारी बसून रोज जेवायचाव आणि माझ्या हाताकडं बघायचाव. मला कळत नव्हतं का? एकदा तोंडानं इचारलं असतंव, हनुमान, मारलास का रे म्हणून. मी न्हाई म्हणलो असतो. तुमी लई झालं तर दुसऱ्यांदा इचारलं असतंव."

"भ्या वाटलं," सुंदरराव म्हणाले. "तू हो म्हणला असतास तर?"

हनुमाननं पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. नळीचं दुसरं टोक जमिनीवर पडलं होतं, ते सुंदररावांनी उचललं आणि सरीच्या कडेनं चालू लागले. दोघांनी मिळून एकामागून एक सऱ्या पुऱ्या केल्या. दुपारी झाडाखाली पाणी प्यायला बसले. नळ्यांच्या तोंडांना टोपणं लावून झाल्यावर हनुमाननं मोटार चालू केली, आणि दोघंही थेंब पडतात का ते वाकून बघत उभे राहिले.

निघताना सुंदरराव म्हणाले, "घरी चल."

"इतक्यात न्हाई," हनुमान म्हणाला. "वहिनीला म्हणावं, उद्यापासून डबा धाडा. भाकरीसंगं ठेचा टाका म्हणावं."

"मीच आणतो," सुंदरराव म्हणाले.

हनुमान हो म्हणाला नाही, नको पण म्हणाला नाही. तो परत सरीत उतरला.