दगडाचा कौल

कोल्हेदेवाच्या देवळात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. आवाराच्या लाल कमानीपर्यंत रांग लागली होती, कारण कुरोदाबुवा दगडाचा कौल लावत होते. मनात इच्छा धरायची आणि दगड उचलायचा. हलका लागला तर देव राजी, जड लागला तर नाराज. दगड पिढ्यान्‌पिढ्यांचा, बुवा मात्र गेल्या वसंतात उगवलेले.

"देव तुमचं मन तोलतो," बुवा डोळे मिटून सांगत.

मित्सुए गर्दीत धुमसत उभी होती. र्‍योहेईच्या आईला दोन मुली पसंत होत्या, मित्सुए आणि हारुनो, आणि सून निवडायचं तिने दगडावर सोपवलं होतं. मागच्या कौलाच्या वेळी मित्सुएच्या हातून दगड जेमतेम हलला. हारुनोने मात्र सहज उचलला. देवानेच नाकारलेली म्हणून गाव मित्सुएकडे बघू लागलं. तेव्हापासून हारुनोचं हसणं, चालणं, तिच्या किमोनोचा पट्टासुद्धा हिला बघवेना. मत्सराने ती नुसती जळत होती, आणि म्हणूनच आज तिची नजर बुवांवरून हटत नव्हती.

आणि तिला दिसलं. जो देवाला साकेचं, म्हणजे तांदळाच्या दारूचं पिंप घेऊन येई, त्यालाच बुवा ते गाभाऱ्यापर्यंत उचलून न्यायला लावत आणि लगेच दगडापाशी आणत. हारुनोनेही पिंप नेलं होतं. रिकाम्या हाताने आलेल्याला मिळे कागदी झिरमिळ्यांची हलकी काठी, मित्सुएला मिळाली होती तशी.

ती पुढे झाली आणि रांगेत उभ्या असलेल्या र्‍योहेईच्या आईच्या हातात काठी देऊन म्हणाली, "काकू, आता दगड उचला."

काकू कण्हल्या. मग मित्सुएने त्यांना पिंप उचलायला लावलं आणि पुन्हा दगड. या वेळी तो इतका झटकन वर आला की काकू मागे उभ्या असलेल्या आपल्या मुलावर कोलमडल्या.

"एवढ्यात देवाचं मन फिरलं का, बुवा? की जड पिंपानंतर दगड हलका लागतो?"

बुवा लीला वगैरे पुटपुटले, पण रांगेतली माणसं तोवर स्वतःच पिंप आणि दगड उचलून बघत हसत होती.

मित्सुए र्‍योहेईकडे वळली. "दगडाला वजन असतं, मत नसतं. तुला आहे ना? मग तू बोल."

तो म्हणाला, "हारुनो."

देवाला खुशाल हात जोडावेत, पण आपण बोलायचं ते दगडाकडून वदवून घेऊ नये. मित्सुएचा मत्सर पुन्हा पेटला. पण आता नकार माणसाने दिला होता, आणि माणसावर निदान रागावता येतं.