तीन गाठींचा सूड

मी एक जुना सिलिकॉनचा स्तन आहे. मित्रमैत्रिणींनो, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मला पहिल्यांदा पाहून सगळेच हसतात.

कारखान्यात मला ओतलं, तेव्हाच माझ्या पोटात तीन गाठी दडवल्या. एक वाटाण्याएवढी, एक मुगाएवढी आणि एक खोलवर, हरभऱ्याएवढी. मग मी या रुग्णालयाच्या शिकवणीच्या खोलीत आलो. मोठ्या मॅडम माझ्यावर पावडर शिंपडून नव्या डॉक्टरांना शिकवायच्या, "बोटांच्या टोकांनी टोचू नका. तीन बोटांची पेरं सपाट ठेवा. गळ्याच्या हाडापासून काखेपर्यंत एकही जागा सोडायची नाही." तेव्हा माझा केवढा मान होता!

पण मुलं हुशार. जुन्यांनी नव्यांना कानमंत्र दिला, "वर डावीकडे वाटाणा, उजवीकडे मूग, खालच्या कडेला हरभरा. जा, पास हो." मग कोण कशाला चाचपतंय? तीन ठिकाणी बोट टेकवायचं आणि चालू लागायचं. यात सगळ्यांच्या पुढे होता एक जण. त्याला सगळे 'झटपट' म्हणत आणि त्यालाही ते आवडायचं. तो असाच पास झाला आणि बायकांना तपासायला बसला.

मॅडमची थोरली बहीण त्याच्याकडे गेली. आंघोळ करताना तिच्या हाताला काहीतरी लागलं होतं. धाकटीला कशाला घोर, म्हणून तिला न सांगताच गेली. झटपटनं दोन ठिकाणी दाबलं. "काही नाही, ताई. निर्धास्त घरी जा." मॅमोग्राफी नाही, सोनोग्राफी नाही. ताई निर्धास्त राहिली आणि गाठ वाढत राहिली. ऑपरेशन झालं, तेव्हा एक बाजू पूर्ण काढावी लागली.

त्या दिवशी मॅडम माझ्यापाशी बसून रडल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्यावर पास झालेला हात होता तो! मला दात असते तर तेव्हाच चावलो असतो. मी मनाशी म्हटलं, बच्चमजी, ये पुन्हा.

आणि तो आला. तपासणी शिबिरांचा प्रमुख होण्यासाठी त्याला पुन्हा परीक्षा द्यायची होती. मी पडलो वाटोळा. माझं वर-खाली कुणाला कळत नाही. मॅडमनी मला ट्रेमधून उचललं आणि अर्धा फिरवून ठेवलं. कोपऱ्यातल्या खुर्चीत ताई बसली होती, डोक्याला रुमाल बांधून.

झटपट शीळ घालत आला. टेक, टेक, टेक. "वाटाणा, मूग, हरभरा. झालं, मॅडम."

"काही नाही तिथे," मॅडम म्हणाल्या.

तो हसला. पुन्हा दाबलं. मग त्याला घाम फुटला. खरं सांगतो, इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

ताई उठली. "ओळखलंत, डॉक्टर? मलाही तुम्ही 'काही नाही' म्हणाला होतात. माझी एक बाजू शिल्लक आहे. ती तपासा. आज मला घाई नाही."

ती पडद्यामागे जाऊन आडवी झाली. मॅडम तिच्या उशाशी उभ्या राहिल्या. पडद्यावर मला त्याच्या हाताची सावली दिसत होती. हात गळ्यापासून काखेपर्यंत ओळीओळीनं सरकत होता.

"हाताला काही लागलं नाही, ताई," तो शेवटी म्हणाला. "पण माझ्या हातावर विसंबू नका. मॅमोग्राफी करून घ्या. मी येतो सोबत."

"सोबत माझी बहीण येईल," ताई म्हणाली.

प्रमुखपद त्याला मिळालं नाही. मॅडम आता दर वेळी मला वेगळ्या बाजूला फिरवतात. मित्रमैत्रिणींनो, मला जपून पेटीत ठेवू नका. मला झिजवा, पण सगळीकडून झिजवा. आणि तुम्हाला कुणी घाईघाईनं 'काही नाही' म्हणालं, तर उठू नका, पुढची तपासणी मागून घ्या.

झटपट अजून सरावाला येतो. एकटाच येतो, नीट चाचपतो. त्याला तिन्ही गाठी सापडतात. मी त्याला माफ केलेलं नाही.